बर्फ, धावपट्टी आणि भीड

दिवाळी सरली, तुळशीचे लग्न लागले, की आपल्याकडे पेटीतल्या लोकरी कपड्यांना ऊन दाखवायचे दिवस येतात. अलीकडे याच दिवसांत पुण्या-मुंबईच्या, नागपूर-नाशिकच्या पुष्कळ घरांत आणखी एक लगबग असते. लेक टोरांटोला किंवा शिकागोला. तिला सातवा-आठवा महिना. आईने बाळंतपणाला जायचे कधीचेच ठरलेले. मग डिंकाचे लाडू वळले जातात, अळीव आणि बाळंतशेपा यांच्या पुड्या बांधल्या जातात, बॅग पुन्हापुन्हा काट्यावर चढते आणि वजन जास्त भरले, की वडिलांची पुस्तके मुकाट्याने बाहेर निघतात.

अशीच एक वारी करून आलेल्या एका भगिनींनी या सदराकडे प्रश्न धाडला आहे. त्या लिहितात, “येताना आमचे विमान निघायच्या वेळी दीड तास जागच्या जागी उभे. बाहेर कसलासा पिचकारीचा खेळ चालला होता. पुढचे विमान चुकले, रात्र बाकावर काढली. एवढी अवाढव्य विमाने, आणि चिमूटभर बर्फाला भितात कशी?”

प्रश्न लाखमोलाचा आहे. त्याचे उत्तर द्यायचे, तर दोन-चार अपघातांच्या हकिकती सांगाव्या लागतील. सणासुदीच्या अंकात हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरांतून माणसे आता थंडीत तिकडे निघणार आहेत, त्या घरांना हे माहीत असलेले बरे. शिवाय या हकिकती ऐकल्यावर बर्फाइतकीच आणखी एका गोष्टीची भीती वाटू लागते, आणि ती गोष्ट आपल्या फार ओळखीची आहे.

आधी जमिनीवरून सुरुवात करू. विमान हवेत चढण्यापूर्वी धावपट्टीवर पळते, आणि ठरावीक वेग आल्याखेरीज पंख त्याला उचलून धरीत नाहीत. या पळण्यात एक क्षण असा येतो, की तोपर्यंत काही बिघडले तर ब्रेक दाबून थांबता येते. त्या क्षणानंतर मात्र थांबायला पुढे पट्टी पुरत नाही, उडावेच लागते. या वेगाला आपण निर्णयवेग म्हणू. कोरड्या पट्टीवर हा हिशेब चोख जमतो. पट्टीवर बर्फ आला, की हिशेब दोन्हीकडून कातरला जातो. वेग घ्यायला पट्टी जास्त लागते, आणि थांबायलाही जास्त लागते. पट्टी मात्र तेवढीच असते.

सगळा बर्फ सारखा नसतो, हेही लक्षात घ्यायला हवे. आपली समजूत अशी, की थंडी जितकी कडक तितका धोका मोठा. खरे म्हणजे उणे पंधरा अंशांखाली कडकडीत गोठून घट्ट दबलेल्या हिमावर चाकांना बऱ्यापैकी पकड मिळते. घातकी असतो तो शून्य अंशांच्या आसपासचा, वितळू लागलेला बर्फ. बर्फाच्या थरावर पाण्याचा पातळ पापुद्रा आला, की तेथे ब्रेक असून नसल्यासारखेच. आणि अर्धवट वितळून झालेला बर्फाचा लगदा तर त्याहून निराळा उपद्रव करतो. गोळेवाल्याकडचा बर्फाचा गोळा खायला उशीर झाला, की बशीत जो पाणीदार लगदा उरतो, तोच शेकडो मीटर पसरला आहे अशी कल्पना करा. त्यातून चाके पळवायची म्हणजे गुडघाभर पाण्यातून धावण्यासारखे आहे. वेग दुप्पट झाला, की हा अडथळा साधारण चौपट होतो.

ही गोष्ट आज वैमानिकांच्या पाठ्यपुस्तकात आहे. ती तेथे कशी आली, याची हकिकत जर्मनीतल्या म्यूनिक शहराची आहे.

६ फेब्रुवारी १९५८. मँचेस्टर युनायटेड हा इंग्लंडचा नामांकित फुटबॉल संघ बेलग्रेडचा सामना खेळून परत चालला होता. विमान ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे, दोन पंख्यांच्या एंजिनांचे. म्यूनिकला तेल भरायला उतरले. हिमवर्षाव चालू होता. दोनदा उड्डाणाचा प्रयत्न झाला आणि दोनदा एंजिनाचा आवाज व दाब नीट वाटेना म्हणून सोडून दिला गेला. उतारूंना खाली उतरवले, थोड्या वेळाने पुन्हा बसवले. रात्र म्यूनिकला काढता आली असती. पण वेळापत्रक सांभाळायचे होते. तिसऱ्या खेपेला विमानाने ११७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २१७ किलोमीटर, वेग गाठला. निर्णयवेग ओलांडला गेला. उचलायला ११९ नॉट हवे होते. आता दोनच नॉटांची कसर राहिली होती, आणि तेवढ्यात वेग वाढण्याऐवजी घसरू लागला. ११२ झाला, १०५ झाला. थांबायला जागा नव्हती, उडायला वेग नव्हता. विमान कुंपण तोडून पलीकडच्या घरावर आदळले. ४४ जणांपैकी २३ जण गेले. त्यांत संघाचे आठ खेळाडू होते. सगळे तरुण. डंकन एडवर्ड्स हा त्यांतला हिरा अपघातानंतर पंधरा दिवस इस्पितळात झुंजून गेला.

विमानाचे प्रमुख होते कॅप्टन जेम्स थेन. त्या खेपेला विमान हाकत होते त्यांचे सहकारी केनेथ रेमेंट. तेही पुढे दगावले. थेन वाचले, आणि चौकशीचा सारा भार त्यांच्यावर आला. जर्मन चौकशीने ठरवले, की पंखांवर बर्फ साचला होता आणि तो काढला नाही. येथे एक मेख होती. पंखांवरचा बर्फ ठरला, तर दोष कॅप्टनचा. धावपट्टीवरचा लगदा ठरला, तर दोष विमानतळाचा. पंखांची पाहणी झाली ती अपघातानंतर कित्येक तासांनी, तोवर मोडक्या विमानावर नवा हिमवर्षाव होऊन गेलेला. एका छायाचित्रात पंख पांढरे दिसतात, असाही पुरावा पुढे आला. मूळ काच तपासल्यावर तो पांढरेपणा बर्फाचा नव्हता असे निघाले.

थेन यांचे म्हणणे एकच होते. वेग हाती आला होता आणि मग तो घसरला. पंखांवर बर्फ असता, तर विमान उचलले गेले नसते हे खरे, पण चालत्या गाडीला मागून कोणी धरावे तसा त्याचा वेग कमी का व्हावा? पट्टीच्या पहिल्या भागातला लगदा आधीच्या विमानांच्या चाकांनी उधळून लावला होता. शेवटच्या भागापर्यंत कोणाची चाके पोचलीच नव्हती, म्हणून तेथला थर तसाच्या तसा पडून होता. त्यानेच विमानाला धरून ठेवले. हे सिद्ध करायला प्रयोग व्हावे लागले. खऱ्या विमानांना मुद्दाम लगद्यातून पळवून पाहिले गेले आणि अडथळा मोजला गेला. इकडे कंपनीने थेन यांना कामावरून दूर केले होते, आणि ते कोंबड्या पाळून संसार चालवीत होते. १९६९ साली ब्रिटिश चौकशी आयोगाने त्यांना निर्दोष ठरवले. अकरा वर्षे गेली होती. वैमानिकाची कारकीर्द तोवर आटोपली होती. १९७५ साली, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते हृदयविकाराने गेले.

आज अर्ध्या इंचाहून जाड लगदा असला, तर बहुतेक प्रवासी विमाने उड्डाणच करीत नाहीत. अर्धा इंच म्हणजे आपल्या करंगळीची जाडी. या अर्ध्या इंचाच्या नियमामागे २३ माणसे आहेत, आणि एका माणसाची अकरा वर्षे आहेत.

उतरतानाची गोष्ट निराळी नाही. ८ डिसेंबर २००५ च्या रात्री शिकागोच्या मिडवे विमानतळावर हिमवर्षावात एक बोइंग ७३७ विमान उतरले. हा विमानतळ भर वस्तीत आहे, आणि पट्टी सुमारे दोन हजार मीटरांची. वारा थोडा पाठीमागून होता. एंजिनांचा झोत उलटा फिरवून विमान रोखण्याची सोय असते, ती टेकल्याबरोबर वापरायला हवी. ती लागू व्हायला सुमारे १८ सेकंद गेले. स्वयंचलित ब्रेकांची पद्धत वैमानिकांना नवी होती, त्यात लक्ष गुंतले, असे चौकशीत ठरले. विमान कुंपण मोडून रस्त्यावर गेले आणि मोटारींवर आदळले. विमानातल्या कोणाचा जीव गेला नाही. एका मोटारीत आईबापांबरोबर चाललेला सहा वर्षांचा मुलगा मात्र गेला. ज्याचा त्या विमानाशी काडीचा संबंध नव्हता, त्याला त्या बर्फाने गाठले. पुढे तेथल्या पट्ट्यांच्या टोकांना ठिसूळ ठोकळ्यांचे पट्टे बसवले गेले. भरकटलेल्या विमानाची चाके त्यांत रुतावीत आणि ते कुंपणाच्या आत थांबावे, ही योजना.

आता पंखांकडे वळू. विमान उडते ते पंखाच्या घडणीमुळे. वारा पंखावरून सुरळीत वाहिला पाहिजे. सुताराच्या पॉलिश-पेपरइतका खरखरीत बर्फाचा थर पंखाच्या पुढच्या कडेवर आणि पाठीवर बसला, तरी उचलण्याची ताकद तीस टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि वाऱ्याचा विरोध चाळीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. बर्फाच्या ओझ्याने विमान पडते असे आपण समजतो. वजन ही त्यातली किरकोळ बाब आहे. बर्फ पंखाचा आकार बिघडवतो, आणि मग तो पंख राहत नाही, नुसता पत्रा होतो.

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनहून फ्लोरिडाला निघालेल्या एअर फ्लोरिडाच्या विमानावर औषध फवारून बर्फ काढला होता. पण मग रांगेत उभे राहण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ गेला, वरून हिम पडतच होते. परत जाऊन पुन्हा फवारून घ्यायला हवे होते. परत जायचे म्हणजे रांगेतला नंबर जायचा. त्याऐवजी हे विमान पुढच्या विमानाच्या गरम झोतात उभे राहिले, की तेवढ्याने बर्फ वितळेल. एंजिनांचे बर्फ-निवारक यंत्रही चालू केलेले नव्हते. त्यामुळे दाब मोजणारी नळी बर्फाने बुजली, आणि एंजिने पुरती जोरात आहेत असे काटा खोटेच सांगू लागला. पट्टीवर पळताना सहवैमानिकाला शंका आली. काटे बरोबर दिसत नाहीत, असे तो एकदा नव्हे, पुन्हापुन्हा बोलला. कॅप्टनने थांबवले नाही; आणि सहवैमानिकानेही ‘थांबा’ असे ठणकावून म्हटले नाही. विमान जेमतेम उचलले, पोटोमॅक नदीच्या पुलावरच्या मोटारींना धडकले आणि गोठलेल्या पाण्यात पडले. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४ जण गेले.

त्या पाण्यात आर्लंड विल्यम्स नावाचे एक बँक-तपासनीस शेपटीला धरून होते. हेलिकॉप्टरातून दोर खाली आला, की ते तो दुसऱ्याच्या हाती देत. असे त्यांनी एकाहून अधिक वेळा केले. शेवटी हेलिकॉप्टर त्यांच्यासाठी परत आले, तेव्हा ते पाण्याखाली गेले होते. आज त्या पुलाला त्यांचे नाव आहे.

तिसरी हकिकत कॅनडातल्या ड्रायडन या लहानशा गावाची. १० मार्च १९८९. एअर ओंटारिओच्या विमानाचे एंजिन चालू करायला लागणारे छोटे सहायक यंत्र बिघडलेले होते, आणि ड्रायडनला एंजिन सुरू करून देण्याची सोय नव्हती. म्हणून एक एंजिन चालूच ठेवावे लागले. एंजिन चालू असताना बर्फ काढण्याचे औषध फवारायला मनाई. म्हणजे बर्फ काढायचा, तर एंजिन बंद करायचे. एंजिन बंद केले, तर विमान आणि उतारू तेथेच अडकायचे. आधीच उशीर झाला होता. विमान तसेच निघाले. उचलले न उचलले तोच झाडीत कोसळले. ६९ पैकी २४ जण गेले.

या अपघाताची चौकशी न्यायमूर्ती व्हर्जिल मोशान्स्की यांनी केली आणि १९९२ साली १९१ शिफारशींचा अहवाल दिला. त्या चौकशीत जे बाहेर आले, ते वाचून मी हातातले पान खाली ठेवले. उतारूंमध्ये दोन अनुभवी कॅप्टन बसले होते. पंखांवर बर्फ आहे, हे त्यांना दिसत होते. हवाई सेविकेलाही दिसत होते. कोणी पुढे जाऊन वैमानिकांना सांगितले नाही. कॅप्टनांना वाटले, की आपण दुसऱ्याच्या कामात कसे बोलावे, त्यांना माहीत असेलच. सेविकेला वाटले, की वैमानिकांना आमचे बोललेले रुचत नाही. थोडक्यात, सगळ्यांना भीड पडली.

भीड भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. ती मृत्यूचीही बहीण असू शकते. आणि हा काही कॅनडाचा किंवा अमेरिकेचा गुण नव्हे. डॉक्टरांना दुसऱ्यांदा विचारायचे कसे, साहेबांची चूक साहेबांना दाखवायची कशी, टॅक्सीवाला झोपेला आला आहे हे दिसत असून त्याला बोलायचे कसे, हे आपल्या घराघरांतले प्रश्न आहेत. म्हणूनच आज वैमानिकांना शिकवताना नुसते विमान हाकायला शिकवीत नाहीत. धाकट्याने थोरल्याला स्पष्ट शब्दांत कसे अडवावे, आणि थोरल्याने ते ऐकून कसे घ्यावे, याचेही धडे असतात.

धावपट्ट्यांनाही आता भीड ठेवू देत नाहीत. पूर्वी पट्टी ‘बरी’ आहे की ‘वाईट’, हे ज्याच्या त्याच्या मतावर असे. नोव्हेंबर २०२१ पासून जगभर एकच रीत ठरली. पट्टीचे तीन भाग कल्पून प्रत्येकाला शून्य ते सहा गुण द्यायचे. सहा म्हणजे कोरडी खडखडीत. एक म्हणजे बर्फ. शून्य म्हणजे ओला बर्फ, तेथे उतरायचेच नाही. परीक्षेत शून्य मिळालेल्या पट्टीला कोणी वशिल्याने पास करीत नाही, एवढे समाधान मानायला हरकत नाही.

आता त्या पिचकारीच्या खेळाबद्दल. गेल्या जानेवारीत टोरांटोहून निघताना मी तो खिडकीतून नीट पाहून घेतला. तेथे धावपट्टीकडे जाण्याच्या वाटेवर यासाठी एक भले मोठे आवार आहे. एका वेळी अनेक विमाने तेथे उभी करतात. उंच दांड्याच्या गाड्या दोन्ही बाजूंनी आल्या. आधी नारिंगी रंगाचे गरम द्रावण फवारले. त्याने साचलेला बर्फ धुऊन गेला. मग काकवीसारखे दाट हिरवे द्रावण पंखांवर चढवले. पडणारे नवे हिम ते आपल्यात शोषून घेते, पंखाला चिकटू देत नाही, आणि विमान वेगात आले, की आपसूक मागे ओघळून जाते. मात्र त्याचा गुण ठरावीक वेळच टिकतो. किती वेळ, ते हिम किती पडते आणि थंडी किती आहे यावर ठरते. त्याची कोष्टके वैमानिकापाशी असतात. वेळ उलटली, की पुन्हा मागे येऊन पहिल्यापासून सारे.

माझ्या शेजारी नागपूरचे एक गृहस्थ होते. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, “काय हो, विमान धुतात काय हे? मग रात्रीच धुऊन ठेवायचं होतं ना!” आजूबाजूचे सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्यात कॅप्टनने सांगितले, की आपली वेळ उलटली आहे, तेव्हा पुन्हा एकदा फवारून घ्यावे लागेल. विमानभर एक लांब उसासा उमटला. त्या उसाशात ड्रायडन होते, वॉशिंग्टन होते. कॅप्टनने पुन्हा मागे वळायचे ठरवले, की शेकडो माणसे नाराज होतात, कंपनीचे पैसे जातात, पुढची विमाने चुकतात. तरी जो वळतो, त्याच्याविषयी वर्तमानपत्रात कधी काही छापून येत नाही. कारण काहीच घडलेले नसते.

आपल्याकडे ही अडचण श्रीनगर, लेह अशा मोजक्या ठिकाणांपुरती. तेथेही थंडीत विमाने रद्द झाली, की उतारूंची तक्रार तीच असते. तेव्हा यंदा डिसेंबर-जानेवारीत निघणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. दोन विमानांमध्ये चांगले चार-पाच तास हाती ठेवा. तिकीट थोडे महाग पडले, तरी चालेल. रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे, एक शाल आणि थोडा कोरडा खाऊ हातातल्या पिशवीत असू द्या, मोठ्या बॅगेत नको. न्यायला येणाऱ्या मुलांना आधीच सांगून ठेवा, की उशीर झाला तर घाबरू नका. त्यांनाही बर्फातून मोटार हाकायची आहे. आणि विमान निघण्याच्या बेतात असताना पंखावर बर्फ दिसला, तर घंटी दाबून सेविकेला सांगा. इंग्रजी मोडके असले, तरी चालेल, नुसते बोट दाखवले तरी चालेल. फार तर त्या हसून म्हणतील, की आम्हांला ठाऊक आहे. तेवढे हसे पत्करायला काही हरकत नाही.

आणि कॅप्टनने पुन्हा एकदा थांबायचे ठरवले, तर उसासा टाकण्याऐवजी डब्यातला एक लाडू काढून शेजाऱ्याला द्यावा. वजनही तेवढेच कमी होईल. दिवाळीच्या साऱ्या वाचकांना शुभेच्छा. दूरदेशी निघणाऱ्यांचा प्रवास सुखाचा होवो, उशिरा का होईना.